गोड बोलणारी काच

नंदा सिस्टरांचा आवाज पूर्वी करंजघोलच्या एस. टी. स्टँडापर्यंत पोचायचा. बाहेरगावच्या माणसानं ग्रामीण रुग्णालय कुठं म्हणून विचारलं, की रिक्षावाले त्याला जरा गप्प उभं राहायला सांगत आणि मग आवाजाच्या दिशेनं बोट दाखवत. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

महानंदा हत्तरकी हे त्यांचं पूर्ण नाव. कोल्हापूरच्या दक्षिणेला, जिथं निम्म्या गावाला कन्नड येतं आणि उरलेलं निम्मं गाव येत नसल्याचं सोंग करतं, अशा त्या तालुक्याच्या गावी त्या क्षयरोगाच्या गोळ्या देत. रोग्याला समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या, हे त्यांचं काम. औषध मळमळणारं आणि महिनोन् महिने घ्यायचं. थोड्या दिवसांत खोकला थांबतो, माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि तो गोळ्या सोडतो. मग आजार दुप्पट जोरानं परततो आणि औषधाला भीक घालत नाही. म्हणून सिस्टर रागवायच्या. व्हरांड्यात बुचाच्या झाडाच्या सावलीला टेबल टाकून, सगळ्यांच्या देखत, समोरच्याच्या घराण्यासकट. माणसं मान खाली घालून, गालातल्या गालात हसत गोळ्या गिळायची आणि पुढच्या सोमवारी न चुकता हजर व्हायची.

मग करंजघोलात आंतरराष्ट्रीय मानक आलं.

जगातल्या कुठल्याही देशात, कुठल्याही सरकारी खिडकीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला किमान काय मिळालं पाहिजे, हे जगभरच्या जाणत्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं होतं. ज्या रुग्णालयाला ते मानक पाळल्याचं प्रमाणपत्र मिळेल तिथं सोनोग्राफीचं नवं यंत्र येणार होतं आणि ते चालवणारा कायमचा डॉक्टरही. तोवर करंजघोलच्या पोटुशी बायका खडखडत्या जीपमधून कोल्हापूरला जात होत्या. नंदा सिस्टर या मानकाच्या बाजूनं पहिल्या दिवसापासून उभ्या राहिल्या. प्रसूतीच्या खोलीत गरीब बायकांना काय काय ऐकवलं जातं हे त्यांनी नोकरीभर ऐकलं होतं, आणि ते ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मानकानं ते थांबवलं. संडासांना कड्या आल्या, पाणी आलं. बसायला खुर्च्या आल्या. 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य रुग्णालयातून कायमचं गेलं. नंदा सिस्टरांनी त्या दिवशी घरी होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या.

त्यानंतर आला समस्वर.

समस्वर म्हणजे काच. प्रत्येक टेबलापुढं एक जाड, स्वच्छ काच, तिच्या अलीकडं सिस्टर आणि पलीकडं रोगी. जंतू अडवायला हवीच होती, त्यामुळं कुणाला तक्रारीला जागा नव्हती. पण तिची खरी करामत वेगळीच होती. आवाज म्हणजे हवेची लाट. त्या लाटेच्या नेमकी उलटी लाट सोडली, तर दोन्ही एकमेकींना गिळतात आणि मागं शांतता उरते. समस्वर काचेच्या अलीकडचा आवाज असा गिळून टाकायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पलीकडच्या बाजूला नवा आवाज तयार करायचा. आवाज सिस्टरांचाच, पण त्यातला चढ उतरवलेला, धार बोथट केलेली, टोचणारे शब्द बदललेले. त्या म्हणायच्या, "मेल्या, परत गोळी चुकवलीस तर तंगडं मोडीन." पलीकडं ऐकू यायचं, "कृपया गोळ्या वेळेवर घ्याव्यात, ही विनंती."

शिवाय फाटकाच्या कमानीत एक मापक होता. रेडिओच्या मंद लहरी बाहेर पडणाऱ्या माणसाच्या छातीवर आपटून परत यायच्या आणि त्यांवरून त्याच्या काळजाचे ठोके, श्वासाची लय, अंगातला ताण हे सगळं तो मापक न शिवता वाचायचा. काळीज संथ असेल तर माणूस समाधानी, दिवा हिरवा. धडधडत असेल तर असमाधानी, दिवा लाल. दिवसाचा हिशेब थेट राजधानीत जायचा.

वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर नेर्लेकर रोज संध्याकाळी फाटकापाशी उभे राहून तो हिरवा दिवा पाहत. माणूस मनाचा चांगला. आपल्या रुग्णालयाचं नाव व्हावं एवढीच हौस. ते नंदा सिस्टरांना म्हणाले, की सिस्टर, तुमच्या टेबलाचे आकडे सगळ्या जिल्ह्यात वरचे आहेत. सिस्टरांना बरं वाटलं. कितीही झालं तरी कौतुक कुणाला नको असतं?

पहिली गडबड घरातच झाली.

त्यांच्या सासूबाई बाळव्वा रक्तदाब तपासायला रुग्णालयात येऊन गेल्या. त्या दिवशी ते टेबलही नंदा सिस्टरांकडंच होतं. काचेमागून त्यांनी सासूची लोणच्यावरून नेहमीसारखी खरडपट्टी काढली आणि विसरून गेल्या. संध्याकाळी घरी येऊन पाहतात, तर बाळव्वांनी पेटी उघडून आपली इरकली लुगडी पलंगावर मांडलेली. हे थोरल्या लेकीला, हे धाकटीला, आणि हातातल्या पाटल्या काढून सुनेपुढं धरल्या.

"ह्या तू ठेव," त्या म्हणाल्या. "आता खरं काय ते सांग. किती दिवस हायत माझे?"

नंदा सिस्टर हातातली पिशवीही खाली ठेवायला विसरल्या. त्यांनी विचारलं, आत्याबाई, तुम्हाला झालंय तरी काय? बाळव्वा म्हणाल्या, लोणचं खाऊ नका म्हणालीस की. सिस्टर म्हणाल्या, ते मी लग्न झाल्यापासून म्हणतेय.

"व्हय, पण आज हळू म्हणालीस," बाळव्वा म्हणाल्या. "विनंती म्हणालीस गं. आपल्यात जगणाऱ्या माणसावर वरडत्यात. गोड बोलत्यात ते जाणाऱ्याशी."

सिस्टर आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी सासूला असं काही झापलं, की शेजारची बाई वाटी मागायला आली होती ती दारातूनच परत गेली. बाळव्वांच्या जिवात जीव आला. लुगडी घडी करून पेटीत गेली, पाटल्या हातात गेल्या, आणि जेवताना त्यांनी सुनेचा डोळा चुकवून लोणच्याची फोड घेतली. घरात हा विषय हसण्यावारी गेला.

पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर नंदा सिस्टरांना हसनमामा आठवले आणि हसू जागच्या जागी विरलं.

हसन मुजावर म्हणजे करंजघोलच्या बँडचं क्लॅरिओनेट. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या फुंकरीवर लागलेली. त्यांच्या छातीत साध्या गोळ्यांना न जुमानणारा क्षय निघाला होता, पण नव्या औषधानं ते सुधारत होते. वजन भरत होतं, थुंकीतले जंतू कमी झाले होते. अर्धी लढाई जिंकलेली. काच आल्यावर ते थोडे सोमवार आले आणि मग यायचे थांबले. सिस्टरांनी मापकाच्या हिशेबात पाहिलं होतं, तर त्यांच्या शेवटच्या खेपेपुढं 'पूर्ण समाधानी' असं हिरवं उमटलेलं. यंत्रानं स्वतःच ठरवलं होतं, की इतका समाधानी माणूस दुसऱ्या गावी औषध घेत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर मुजावर गल्लीत गेल्या. हसनमामा अंगणात बाजेवर बसले होते, दाढी नीट विंचरलेली, अंगात धुतलेला सदरा. खोकला परत सुरू झाला होता. भिंतीवरच्या ज्या खुंटीला क्लॅरिओनेटची पेटी असायची ती रिकामी होती. वाद्य त्यांनी बँडच्या मालकाला देऊन टाकलं होतं, फुकट. आत दोन नातवंडं भांडत होती. मामांच्या खोकल्यातून हाच हट्टी क्षय त्या पोरांच्या छातीत जाऊ शकत होता.

गोळ्या का सोडल्यासा, असं त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगितलंसा की सिस्टर," मामा शांतपणे म्हणाले. "तोंडानं न्हाई सांगितलं. पण त्या दिवशी मी गोळी चुकवली म्हणालो, आन् तुमी रागावला न्हाईसा. म्हणालासा, काळजी घ्यावी. तवाच मी समजलो. म्हणलं, चला, आटोपलं आपलं. एकदा समजलं की लई हलकं वाटतं बगा."

त्या हलकेपणालाच कमानीतल्या यंत्रानं हिरवा दिवा दाखवला होता. आशा सोडलेल्या माणसाचं काळीजही संथच चालतं. ते संथपण आणि समाधान यांतला फरक रेडिओच्या लहरींना कळत नव्हता, आणि तो कळावा असं कुणी त्यांना शिकवलंही नव्हतं.

सिस्टरांचा तोल गेला. त्यांनी तिथंच तोंडाचा पट्टा सोडला. मामा ऐकून घेत होते, डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलवत होते. त्यांचं म्हणणं असं, की घरी येऊन तुम्ही मायेपोटी बोलताय. दवाखान्यातली काच खोटं बोलणार नाही, तिला माझी माया नाही. सरकारी जागेत, पूर्वीसारखं चारचौघांत रागवाल तर मी मानीन.

"येता सोमवारी या," सिस्टर म्हणाल्या. "न्हाई रागावले तर नावाची हत्तरकी न्हाई."

त्या तडक डॉक्टर नेर्लेकरांकडं गेल्या. काच बंद करा, निदान माझ्या टेबलाची. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत मागं रेलले आणि कपाळ चोळत बसले. त्यांना पटलं होतं, हीच खरी अडचण होती. येत्या सोमवारीच मानकाचे परीक्षक येणार होते. एक लाल दिवा लागला तरी सगळ्यावर पाणी पडेल, असं ते म्हणाले. त्यांनी सोनोग्राफीची आठवण करून दिली, जीपमध्ये अडलेल्या बायकांची आठवण करून दिली. सोमवार जाऊ द्या, मग मी स्वतः काच काढतो. नाहीतर बदलीचा कागद वरून येईल आणि मला तो थांबवता येणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सिस्टर बाहेर आल्या. जीपमधल्या बायका त्यांच्याही डोळ्यांपुढं होत्या. एकीचं बाळंतपण त्यांनी घाटात, टॉर्चच्या उजेडात केलं होतं. पण मामांचा हा सोमवार गोळीविना गेला तर पुढचा सोमवार ते बघतील की नाही, याची खात्री कुणी देत नव्हतं. घरी त्यांनी बाळव्वांना सगळं सांगितलं. बाळव्वा भाकरी थापत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की तुझं तोंड तुला देवानं दिलंय, सरकारनं न्हाई.

सोमवारी रुग्णालय लग्नघरासारखं दिसत होतं. परीक्षक बाई नैरोबीच्या होत्या, ओटिएनो आडनावाच्या. उंच, चष्मा लावलेल्या, कानात भाषांतराचं इवलं यंत्र. सोबत राज्याचे दोन अधिकारी आणि हात जोडून चालणारे डॉक्टर नेर्लेकर. बाईंनी संडासाच्या कड्या लावून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, आणि खूश दिसल्या. मग त्या क्षयरोगाच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. काचेपलीकडं हसनमामा येऊन बसले होते, तोंडाला पट्टी, तोच धुतलेला सदरा.

नंदा सिस्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मामा काचेकडं पाहत होते, निकाल ऐकायला बसल्यासारखे.

"मामा," सिस्टरांनी सुरुवात केली, आणि पलीकडं स्वतःचाच मऊ आवाज त्यांना ऐकू आला, "आपलं स्वागत आहे." मामांनी डोळे मिटले.

बस्स. सिस्टर उठल्या. तोंडाला पट्टी बांधली, गोळ्यांची डबी आणि पाण्याचा तांब्या घेतला, एका हातानं खुर्ची ओढली आणि काचेच्या मागून बाहेर पडल्या. फरशीवर खुर्ची खरडत गेली. डॉक्टरांनी "सिस्टर, सिस्टर" म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही असं नाही, फक्त थांबल्या नाहीत. व्हरांड्यात बुचाच्या झाडाखाली, जिथं समस्वराची लाट पोचत नव्हती, तिथं त्यांनी खुर्ची आपटली आणि आतल्या माणसाला हाक मारली. ती हाक स्टँडापर्यंत गेली असणार.

मामा धडपडत बाहेर आले.

"बसा हितं," सिस्टर म्हणाल्या. "काय हो, मरायची लई घाई झालीय? मला न इचारता? सहा महिने माझं रक्त आटवलंसा, वजन वाढवून दिलं तुमचं, आन् आता अंगणात दाढी विंचरून बसताय? नातवंडांच्या छातीत काय घालणार हाय, क्लॅरिओनेट का हा रोग? लाज न्हाई वाटत? आ करा. गिळा ही. दुसरी. थुंकलासा तर गल्लीत येऊन मारीन, सगळ्या मुजावरांच्या म्होरं. आन् पेटी आजच्या आज परत आणा. दिलेली वस्तू परत मागायला शरम वाटत असंल तर माझं नाव सांगा."

मामांनी गोळ्या गिळल्या. त्यांचे खांदे हलत होते. पट्टीच्या वर डोळे भरून वाहत होते आणि ते हसतही होते. मग त्यांनी पूर्वीसारखं उलट उत्तर दिलं, की जरा हळू, कान फुटतील, मी वाजवणारा माणूस आहे. त्यावर सिस्टरांनी त्यांना आणखी झापलं. ओळीतली माणसं एकेक करून व्हरांड्यात आली. कुणी न सांगता ती सिस्टरांच्या खुर्चीपुढं रांगेत लागली, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घरी परत आल्यासारखा भाव होता.

मामा उठून फाटकाकडं गेले. काळीज ढोलासारखं वाजत असणार. कमानीतला दिवा लाल झाला. रुग्णालयात तो रंग कुणी पाहिला नव्हता. डॉक्टर नेर्लेकर पायरीवर बसले.

ओटिएनो बाईंनी मामांना थांबवलं आणि कानातल्या यंत्रामार्फत विचारलं, की यंत्र म्हणतं तुम्हाला त्रास झाला, हे खरं का?

"बाई," मामा म्हणाले, "मगाशी हितं आलो तवा मी मेल्यात जमा होतो. तवा तुमचा दिवा हिरवा झाला असता. आता मी जगतोय, म्हणून त्यो लाल हाय."

राज्याचा एक अधिकारी पुढं झाला आणि सिस्टरांना म्हणाला, की ही शिस्तभंगाची गोष्ट आहे, आत्ताच्या आत्ता काचेमागं जा. सिस्टर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या साहेबांशी असं बोलल्या नव्हत्या, पण आज आवाज आधीच तापलेला होता.

"न्हाई जाणार," त्या म्हणाल्या. "मानक मला पायजे. कड्या, पाणी, खुर्च्या, सगळं पायजे, आन् आमच्या बायकांना ते यंत्र तर पायजेच पायजे. पण फाटकातनं जाताना माणसाचं काळीज मोजून तुमी काय मिळवताय? त्यो पुढच्या सोमवारी परत आला का, ते मोजा. जगला का, ते मोजा. बदली करा माझी. जिथं टाकाल तिथं झाड बघून खुर्ची मांडीन."

रांगेतली एक तरुण आई, कडेवर लेकरू घेतलेली, हळूच म्हणाली की मला नाही सोसत रागावलेलं, मला काचच बरी. नंदा सिस्टर तिच्याकडं वळल्या आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. तुला कोण रागावतंय बाळ, त्या म्हणाल्या, माणूस बघून रागवते मी. पोरगी लाजून हसली. ओटिएनो बाईंनी हेही पाहिलं.

बाई डॉक्टरांकडं वळल्या. त्यांनी एकच विचारलं, की चांगली सेवा म्हणजे काय, हे करंजघोलच्या लोकांना कुणी विचारलं होतं का? मानकाची सुरुवातच तिथून होते. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. यंत्र तयार आलं होतं, कुणी विचारलं नव्हतं. त्यावर बाई म्हणाल्या, की आज प्रमाणपत्र देता येणार नाही. सिस्टर परवानगीशिवाय जागा सोडून गेल्या, त्याचीही नोंद होईल. लोकांना विचारा, मोजायचं काय ते पुन्हा ठरवा, मग मला बोलवा. त्यांच्या बोलण्यात गोडवा नव्हता, आणि त्यामुळंच नंदा सिस्टरांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

गाड्या गेल्या. सोनोग्राफीचं यंत्र लांबलं. ते दुःख सिस्टरांच्या छातीत रुतून बसलं, आणि पुढं कधी घाटात जीप अडली की ते अधिकच रुतणार होतं. डॉक्टर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात आले आणि वरून आलेला कागद टेबलावर ठेवला. लोकांचं म्हणणं घेऊन होईपर्यंत काचेमागं बसा, नाहीतर बदलीला तयार राहा, असा मजकूर. सिस्टरांनी तो वाचला, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. डॉक्टर तिथंच उभे राहिले. मग त्यांनी आतून आणखी एक खुर्ची आणवली आणि गावकऱ्यांना विचारायला स्वतः सिस्टरांच्या शेजारी बसले. पहिलीच म्हातारी त्यांना म्हणाली, तुमी पण जरा मोठ्यांदा बोला की साहेब, तुमचं ऐकून भ्या वाटतं.

कमानीतला मापक काढायचा हुकूम अजून आलेला नाही. तो आपलं काम करतो. पण करंजघोलच्या माणसांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून घेतला आहे. दर सोमवारी हसनमामा गोळ्या गिळतात, बोलणी खातात, खांद्याला क्लॅरिओनेटची पेटी अडकवतात आणि कमानीखाली जाऊन थांबतात. मान वर करून बघतात. दिवा लाल झाला, की मगच बाहेर पाऊल टाकतात.